बखर, नोंद आणि न परतणारा काळ : बहुसहभागी विज्ञानखेळांच्या संहितेचा विचार

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे मराठ्यांच्या इतिहासात विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचे गाव म्हणून परिचित आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांच्या स्वारांनी गोल मोडून रोहिल्यांवर घोडी घातली व त्यामुळे इब्राहिमखान गारद्याची योजना विस्कटली, हा आक्षेप पानिपताच्या चर्चेत वारंवार येतो. तो कितपत ग्राह्य मानावयाचा, हे इतिहाससंशोधकांनी ठरवावे. वाङ्मयाच्या अभ्यासकास त्यात दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. रणांगणावरील कोणासही संपूर्ण लढाई दिसत नव्हती. जो जेथे उभा होता तेथून त्याने पाहिले आणि सांगितले. दुसरे असे, की एकदा गोल मोडला तो मोडलाच.

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत असाच एक न फिरणारा क्षण फिरविला. विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे हुकते आणि इतिहासाला दुसरा फाटा फुटतो. हा फाटा कोठे फुटावा हे मात्र एकटा लेखक ठरवितो. वाचकाकडे केवळ अनुसरण उरते. तोच निर्णय एकाच वेळी अनेक वाचकांच्या हाती गेला तर संहितेचे काय होईल? या प्रश्नाचे उत्तर कथावाङ्मयात नव्हे, तर संगणकाच्या जाळ्यावर केवळ शब्दांनी चालणाऱ्या बहुसहभागी खेळांत शोधावे लागते.

या प्रकाराचा आरंभ इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली झाला. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ रचण्यास घेतला आणि १९८० पासून रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. पडद्यावर चित्र नाही. दालनाचे वर्णन वाचावयाचे, आज्ञा टंकलिखित करावयाची आणि त्याच दालनात असलेल्या दुसऱ्या माणसाचे शब्द वाचावयाचे. या खेळाचे जग अद्भुतरम्य होते व ठरावीक काळाने पूर्ववत होई. नेलेला खजिना जागेवर येई, उघडलेली दारे मिटत. काळ चक्राकार होता, असे म्हणावयास हरकत नाही.

विज्ञानखेळांनी या चक्राला छेद दिला. ॲलन लेंटन यांचा ‘फेडरेशन’ हा खेळ १९८८ साली ब्रिटनमध्ये कॉम्प्युनेट या सेवेवर सुरू झाला. पुढे तो अमेरिकेतील व्यापारी सेवांवर गेला. त्यातील माणूस अंतराळयानातून माल वाहतो, व्यापार वाढवितो आणि पुरेसा चढल्यावर स्वतःचा ग्रह रचतो. त्या ग्रहावरील प्रत्येक जागेचे वर्णन त्यानेच लिहावयाचे असते, म्हणजे खेळणारा येथे अक्षरशः लेखक होतो. आणि विमा न उतरविता मृत्यू आला, तर ते पात्र कायमचे संपते. राक्षसांच्या भुयारापेक्षा विम्याचा हा रुक्ष कागद अधिक भय उत्पन्न करतो, यात त्या विश्वाचे व्यापारी स्वरूप पुरते उघड होते.

जिम ॲस्पनीस याच्या १९८९ मधील ‘टायनीमड’ने लढाई व गुण यांवरील भर काढून टाकला आणि कोणासही जग रचण्याची मुभा दिली. त्यातून निघालेल्या ‘मश’ या शाखेत खेळापेक्षा कथनाला महत्त्व आले. १९९८ साली अमेरिकन पत्रकार वेस प्लॅट यांनी सुरू केलेले ‘अदरस्पेस’ हे याच शाखेतील. चित्रपटातून उसने न घेतलेले स्वतंत्र अंतराळविश्व आणि एकामागून एक येणारी कथानके हे त्याचे वैशिष्ट्य होय. संचालक प्रसंग योजतात, पण सहभागी जे करतील ते पुढील कथेला पत्करावे लागते. एकट्याने वाचावयाच्या शाखाकथेत पान उलटून मागे जाता येते. येथे तसे करता येत नाही, कारण तो क्षण इतरांचाही असतो.

निवेदनाच्या दृष्टीने सर्वात मनोरंजक भाग क्रियापदाचा आहे. ‘मश’मध्ये सहभागी माणूस आपलीच कृती बहुधा तृतीय पुरुषी वर्तमानकाळात लिहितो. इंग्रजीत या क्रियापदाला लिंग नसते. मराठीत ‘दार उघडतो’ की ‘उघडते’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे लागते. परग्रहावरील प्राण्यास ‘उघडते’ हे नपुंसकलिंगी रूप लावले तरी ते स्त्रीलिंगी रूपासारखेच दिसते. शिवाय दालनाचे वर्णन वाचणाऱ्यास ‘तू’ म्हणावे, ‘तुम्ही’ की ‘आपण’? म्हणजे मराठीत असा खेळ रचणाऱ्यास यंत्राच्या आधी व्याकरणाशी आणि रीतिभातींशी झुंजावे लागले असते.

प्रत्यक्षात ती वेळ आली नाही. या खेळांचा भर रोमन अक्षरांच्या सात अंशी संकेतावर होता. भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा संकेत १९९१ मध्ये प्रमाणित झाला आणि विदेश संचार निगमची सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. देवनागरी पडद्यावर सहज उमटू लागली तोवर चित्रमय खेळांनी शब्दखेळांना मागे सारले होते. अनेकांनी मिळून एक कथा पुढे नेण्याची हौस मराठीत नव्हती असे नाही. परदेशस्थ मराठी माणसांनी १९९६ साली उभ्या केलेल्या ‘मायबोली’वर गणेशोत्सवात असे साखळी कथाप्रयोग झाले. पण तेथे लेखक पाळीपाळीने लिहितात, एकाच क्षणी एका दालनात नसतात.

उरतो प्रश्न पाठाचा. असा खेळ संपल्यावर संहिता आपोआप शिल्लक राहत नाही. कोणी सहभागी आपल्या पडद्यावरील मजकूर जतन करतो तेवढीच नोंद. शेजारच्या दालनात काय घडले ते तिच्यात नसते. एका प्रसंगाच्या अशा दोन नोंदी हाती आल्या तर मूळ पाठ कोणता मानावा? पाश्चात्य समीक्षेपेक्षा येथे मराठीची जुनी पद्धत जवळची वाटते. म्हाइंभटाने प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या आठवणींतून लीळाचरित्र सिद्ध केले, आणि त्याच्या पाठपरंपरेत एकाच लीळेविषयी निरनिराळ्यांनी सांगितलेले पाठ सांगणाऱ्याच्या नावासह शेजारीशेजारी नोंदविलेले आढळतात. एकाला खरे ठरवून दुसरा गाळलेला नाही. खेळांच्या नोंदी संपादित करावयाच्या झाल्यास, कोणता सहभागी कोणत्या दालनात उभा होता ते प्रत्येक पाठाच्या शिरोभागी लिहावे लागेल.