कोंबडीने बिनटरफलाचे अंडे दिले तर

गेल्या उन्हाळ्यात भंडाऱ्याकडच्या एका वस्तीत गरोदर बायांची तपासणी करायला गेले होते. एका मुलीचे हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. पहिलटकरीण, सहावा महिना. दारात पाच कोंबड्या फिरत होत्या, म्हणून विचारले, "अंडी खातेस ना?" ती गप्प राहिली. सासू म्हणाली, "बाई, आमच्या कोंबड्यायचे अंडे खायाचे नाही राहिले. बिनाटरफलाचे पडून राहिले, नुसती थैली. कोनाची तरी नजर लागली." 'कोनाची तरी' म्हणताना तिने शेजारच्या घराकडे पाहिले. त्या घरात एक विधवा एकटी राहते.

मी खुराडे पाहायला मागे गेले. पत्र्याचे खुराडे, वर झाडाची सावली नाही. दुपारी पत्र्याला हात लावला तर चटका बसला. कोंबड्यांना खायला कोंडा, कनकी आणि उरलेला भात. मे महिना, त्यामुळे अंगणात हिरवा पाला नाही, किडे नाहीत. पाण्याचे भांडे कोरडे. कारण शोधायला शेजारी जाण्याची गरज नव्हती.

कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात. पिवळा बलक सुटतो, त्याभोवती पांढरा बलक जमतो, त्यावर पातळ पापुद्रा येतो. हे सगळे चार-पाच तासांत उरकते. उरलेले वीस तास फक्त टरफल चढवण्यात जातात. एका टरफलासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. कोंडा आणि भातात ते जवळजवळ नसतेच. मग कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. तेही कमी पडले की अंडे पापुद्र्यातच बाहेर येते, आणि पुढे कोंबडीचे पाय लटपटू लागतात. गरोदर बाईला आम्ही कॅल्शियमच्या गोळ्या देतो त्यामागेही हेच कारण आहे. तिच्या खाण्यातून मिळाले नाही तर बाळ आईच्या हाडांतून घेते.

त्यात ऊन. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते. धापेमुळे टरफलासाठी रक्तात लागणारा कार्बोनेट कमी होतो, शिवाय उकाड्यात ती खातेही कमी. म्हणून एप्रिल-मेमध्ये चांगल्या खाणाऱ्या कोंबडीचीही टरफले पातळ होतात. नव्याने अंड्यावर आलेली तलंग, खूप म्हातारी कोंबडी, रात्री कुत्र्या-मांजराने घाबरवलेली कोंबडी, यांचेही एखादे अंडे असे पडते. एखाद्या अंड्याची चिंता नको. रोजच पडू लागले तर मात्र उपाय करायला हवा.

उपाय फार महाग नाही. अंड्यांची टरफले वाळवून तव्यावर कोरडी भाजायची आणि अगदी बारीक चुरायची. मोठे तुकडे टाकले तर कोंबडीला अंड्याची ओळख पटते आणि ती अंडी फोडू लागते, म्हणून चुरा बारीकच हवा. कोंबडीखाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुराही मिळतो. तो खाण्यात कालवू नये, वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यावरची कोंबडी हवे तेवढे उचलते. कोंबड्याला आणि पिलांना एवढे कॅल्शियम नको असते. पानाला लावतो तो चुना मात्र देऊ नये, तो तोंड आणि अन्ननळी भाजतो. सोबत डाळीची चुणी, शेवग्याचा पाला, वाळवी मिळाली तर वाळवी. शेंगदाण्याची पेंड चांगली, पण बुरशी लागलेली पेंड विषासारखी. खाणे सकाळी लवकर आणि संध्याकाळी द्यावे, पाणी दुपारी एकदा बदलावे. खुराड्याच्या पत्र्यावर पऱ्हाटी किंवा तणस टाकून वर पाणी शिंपडावे.

त्या घरी हे सगळे केले. पंधरा-वीस दिवसांनी चार कोंबड्यांची अंडी कडक पडू लागली. पाचवीची आली नाहीत, ती म्हातारी होती.

सासूला मी आणखी एक गोष्ट सांगितली. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवल्याचा आरोप एखाद्यावर करणे आणि अशा आरोपाने किंवा अपशकुनी ठरवून त्याचे जगणे कठीण करणे, याचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. दुधाच्या जागी अंडे ठेवले म्हणून गोष्ट बदलत नाही. ती म्हणाली, "मी तर कोनाचं नाव नाही घेतलं." नाव घेतले नव्हते, पण वस्तीतल्या पोरांना त्या दारावरून जायला मनाई झाली होती.

कोंबडी आरवली की अपशकुन, हाही असाच समज. अशी कोंबडी लगेच कापली जाते. प्रत्यक्षात कोंबडीचे डावे अंडाशय तेवढे काम करते. ते आजाराने निकामी झाले की तिच्या शरीरात नराचे संप्रेरक वाढू शकते. मग तुरा मोठा होतो, ती आरवते, अंडी थांबतात. घरावर त्याने काही येत नाही. लिंबाएवढे, बलक नसलेले अंडे, दोन बलकांचे अंडे, बलकावर रक्ताचा ठिपका, या तर किरकोळ गोष्टी आहेत. ठिपका चमच्याने काढून टाका आणि अंडे नीट शिजवून खा.

खुडूक कोंबडीचे हाल मात्र बघवत नाहीत. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. हा आजार नाही, तिला पिल्ले काढायची असतात. पिल्ले हवी असतील तर बसू द्यावे, एकवीस दिवसांचा प्रश्न. नको असतील तर लोक तिला पाण्यात बुडवतात, नाकात पीस खुपसतात. त्याने नाकात जखम होऊन जंतू शिरतात. त्यापेक्षा तिला खालून वारा लागेल अशा जाळीच्या किंवा बांबूच्या पट्ट्यांच्या पिंजऱ्यात, विटांवर उंच ठेवून, तीन-चार दिवस राहू द्या. आत गवत घालू नका. दाणा-पाणी मात्र भरपूर द्या. पोटाखालची ऊब गेली की खुडूकपणा उतरतो.

हिवाळ्यात अंडी कमी होण्याचे कारण उजेड. अंड्यासाठी कोंबडीला दिवसाचा सुमारे चौदा तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे अकराच तास मिळतो. त्यात वर्षातून एकदा ती पिसे टाकते, तेव्हा दोन-तीन महिने अंडी बंद. तेव्हा तिला विकू नये, चांगले खायला द्यावे. घराघरात मी हेच पाहते की अंडी थांबली की आठवडी बाजारात कोंबडी जाते, आणि बाईच्या हातातला चार पैशांचा आधारही तिच्यासोबत जातो.

काही कोंबड्या खुराड्यात अंडे न घालता तणसाच्या ढिगात, लाकडांच्या मागे घालतात. त्यांना अंधार आणि आडोसा हवा असतो. कोपऱ्यात तणस घातलेली टोपली ठेवा, तिच्यात प्लास्टिकचे एखादे खोटे अंडे ठेवा, आणि आठवडाभर कोंबड्यांना सकाळी दहा-अकरानंतरच बाहेर सोडा. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडी घालतात. अंडी खाणाऱ्या कोंबडीलाही अंधारी टोपली आणि दिवसातून दोन-तीनदा अंडी उचलणे हाच उपाय आहे. ढिगात सापडलेली अंडी थेट तव्यावर फोडू नका. अंधारात टॉर्चसमोर धरून पाहा, लाल शिरांचे जाळे दिसले तर आत पिल्लू धरले आहे. पाण्यात तरंगणारे अंडे टाकून द्या.

कोंबडी शेपूट पाडून, पिसे फुगवून बसली, कुंथते आहे आणि अंडे येत नाही, तर अंडे अडकले आहे. कोमट पाण्यात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटे बसवा, मागच्या बाजूला थोडे खोबरेल लावा, शांत, उबदार जागी ठेवा. आत बोट घालून अंडे फोडू नका, टरफलाने अंडनलिका फाटू शकते. तरीही अंडे आले नाही तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

आता माझ्या कामाची गोष्ट. घरात उरलेली माणसांची अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून कोंबडीच्या पाण्यात टाकण्याची सवय खूप ठिकाणी आहे. ते औषध अंड्यात उतरते आणि आपल्या मुलांच्या पोटात जाते. औषध पशुवैद्यकालाच विचारून द्या, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत हेही विचारा. बिनटरफलाचे किंवा तडकलेले अंडे गरोदर बाईला, लहान मुलाला, आजारी माणसाला देऊ नका. त्यात विष्ठेतले जंतू सहज शिरतात. अंडी धुऊन साठवू नका, टरफलावरचा नैसर्गिक थर निघून जातो. कोरड्या फडक्याने पुसा, वापरण्याआधी धुवा आणि हात साबणाने धुवा. क्षयाच्या रुग्णाला दुधात कच्चे अंडे घालून पाजतात, ते तर बंदच करा. कच्च्या अंड्यातली प्रथिने शिजलेल्यापेक्षा कमी अंगी लागतात, आणि जंतूंचा धोका वर.

एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, बी-१२ असते. मात्र अंड्यातल्या लोहाने हिमोग्लोबिन भरून येत नाही. त्या मुलीला मी रोज एक उकडलेले अंडे बलकासकट खायला सांगितले, आणि लोहाची गोळीही चुकवू नको म्हटले. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घ्यायची नाही, हेही. घरातली अंडी कोणाच्या ताटात जातात हे मी सासूला विचारले. आधी नातवाला, मग मुलाला, असे उत्तर आले. त्यावर आमचे बोलणे बराच वेळ चालले.

शेवटी एक इशारा. अंडी एकदम घटली, सोबत कोंबड्या माना वाकड्या करू लागल्या, हिरवट हगू लागल्या, तर मानमोडी असू शकते. तिची लस आधीच द्यावी लागते, नंतर उपाय नाही. एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या मेल्या तर बर्ड फ्लूची शंका धरा. २००६ मध्ये नवापूरला, २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला तो आला होता. मेलेल्या कोंबड्या हाताळू नका, खाऊ नका, नाल्यात टाकू नका. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक फुकट लागतो, त्यावर लगेच कळवा.