जंपसूट कसा निवडायचा? – हवेचा रोध शिकवणारा एक पाठ



सहावीच्या सामान्य विज्ञानात 'बल व बलाचे प्रकार' शिकवताना गुरुत्वबल मुलांना पटकन कळतं. नारळ खाली पडतो, संपलं! पण हवासुद्धा वस्तूला अडवते, हे सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि विसरून जातात. हरिहरेश्वरच्या मुलांना पाण्याचं बळ शिकवावं लागत नाही. ओहोटी बघितल्याशिवाय प्रदक्षिणेच्या वाटेवर उतरायचं नाही, हे त्यांना पहिलीच्या आधीपासून ठाऊक असतं, कारण खडकावर आपटणारी लाट डोळ्यांना दिसते. हवा दिसत नाही, म्हणून तिचा हिशोब कुणी करत नाही.

तो हिशोब मुलांच्या गळी उतरवायला मला एक छान उदाहरण सापडलं: विमानातून उडी मारणाऱ्यांचं चित्रीकरण करणाऱ्या कॅमेरामनचे कपडे. मोबाईलवर असे व्हिडिओ मुलांनी भरपूर पाहिलेले असतात, त्यामुळे पाठ सुरू व्हायच्या आधीच त्यांचं लक्ष तुमच्याकडे असतं.

पाठाची सुरुवात : एक प्रश्न

वर्गाला विचारा, "व्हिडिओत दोन माणसं एकत्र बांधलेली पडताना दिसतात. मग तो व्हिडिओ काढतंय कोण?"

बहुतेक मुलं 'ड्रोन' म्हणतात. कधीकधी कॅमेरा उडी मारणाऱ्याच्या मनगटावर असतो हे खरं. पण समोरून काढलेल्या चित्रणात तिसरा माणूस असतो. तोही त्याच विमानातून उडी मारतो. कॅमेरा त्याच्या हेल्मेटवर बसवलेला असतो, कारण हात त्याला तोल सांभाळायला मोकळे लागतात.

जोडीच्या या उडीला 'टँडम' म्हणतात. प्रशिक्षक पाठीमागे, पाहुणा पुढे आणि दोघांना मिळून एकच मोठं पॅराशूट. साधारण १३,००० फुटांवरून उडी मारली, तर पॅराशूट उघडेपर्यंत ४५ ते ५० सेकंद मिळतात. चित्रीकरण तेवढ्यातच उरकायचं.

आता दुसरा प्रश्न. "दोघांचं वजन जास्त, कॅमेरावाला एकटा. मग तिघं एकाच वेगानं कसे पडतील?"

इथे वर्गात दोन तट पडतात. पडू द्या. लगेच उत्तर सांगू नका.

फळ्यावरचं गणित

पडणाऱ्या माणसाचा वेग आधी वाढत जातो. वेग वाढला की हवेचा रोधही वाढतो. वेग दुप्पट, तर रोध चौपट. काही सेकंदांत रोध आणि वजन सारखे होतात आणि त्यानंतर वेग वाढायचा थांबतो. पोटावर आडवा पडणारा एकटा माणूस ताशी साधारण १९० ते २०० किलोमीटर वेगानं पडत राहतो.

टँडममध्ये वजन जवळजवळ दुप्पट होतं. पण एक माणूस दुसऱ्याच्या पाठीवर असल्यामुळे हवेला अडवणारं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. वजन दुप्पट आणि क्षेत्रफळ तेवढंच असेल, तर वेग साधारण १.४ पट होतो. म्हणजे ताशी २७० किलोमीटरच्या आसपास! एवढ्या वेगात मोठं पॅराशूट उघडलं तर हिसका भयंकर बसेल. म्हणून प्रशिक्षक उडीनंतर काही सेकंदांतच मागे एक छोटं पॅराशूट सोडतो. त्याला 'ड्रोग' म्हणतात. ड्रोग लागला की जोडीचा वेग पुन्हा ताशी १९०-२०० च्या घरात येतो.

म्हणजे कॅमेरावाल्याला सुरुवातीचे काही सेकंद जोडीइतकंच जलद पडावं लागतं आणि मग जोडीबरोबर वेग कमी करावा लागतो. त्याच्याकडे ड्रोग नाही, ब्रेक नाही. त्याच्याकडे आहे फक्त त्याचं शरीर आणि अंगावरचे कपडे.

मुलांना एक छोटं गणित घाला. दोघांच्या वेगात ताशी ५ किलोमीटरचाच फरक राहिला, तर सेकंदाला सुमारे १.४ मीटर अंतर पडतं. ४० सेकंदांत किती? साधारण ५५ मीटर. एवढ्या लांबून पाहुण्याचा चेहरा दिसेल का? ठिपका दिसेल!

मग जंपसूट कसा निवडतात?

हा भाग सावकाश घ्या, पाठाचा गाभा इथेच आहे.

१. स्वतःचं वजन : हलक्या अंगाचा कॅमेरावाला मुळातच हळू पडतो. त्यानं अंगाला घट्ट बसणारा सूट घालायचा. वजनदार माणूस जलद पडतो. त्यानं थोडा सैल, हवा अडवणारा सूट घ्यायचा.

२. कापड : गुळगुळीत नायलॉनवरून हवा सहज सरकते. सूत आणि पॉलिएस्टरचं मिश्र कापड थोडं खरखरीत असतं, ते हवेला जास्त अडवतं. शाळेचा गणवेश बऱ्याचदा अशाच मिश्र कापडाचा असतो. मुलांना हात लावून बघायला सांगा.

३. पंख : कॅमेऱ्याच्या सूटला हातापासून कमरेपर्यंत त्रिकोणी कापड शिवलेलं असतं. हात पसरले की पंख उघडतो, वेग कमी होतो. हात अंगाजवळ घेतले की पंख मिटतो, वेग वाढतो. आपल्या किनाऱ्यावरची घार आठवा. वाऱ्यावर तरंगताना तिचे पंख पूर्ण पसरलेले असतात आणि खाली झेप घेताना ती ते आवळून घेते. युक्ती तीच.

४. पुढे येणारे पाहुणे : कॅमेरावाल्याच्या दिवसभरात पाच-सहा उड्या होऊ शकतात. एका उडीत पाहुणा ५० किलोचा, दुसरीत ९० किलोचा. दर वेळी सूट कुठे बदलणार? म्हणून असा सूट निवडायचा, की हात मिटून जडाबरोबर आणि हात पसरून हलक्याबरोबर राहता येईल. फार मोठे पंख घेतले तर जड जोडी निसटते. पंखच नसतील तर हलकी जोडी वर राहते.

५. सगळ्यात महत्त्वाचं, सुरक्षितता : पंखाचं कापड पॅराशूट उघडण्याच्या मुठीवर येता कामा नये. बिघडलेलं पॅराशूट सोडून देण्याची मूठ आणि राखीव पॅराशूटची मूठ छातीपाशी असते. त्या दोन्ही दिसायला हव्यात आणि हाताला लागायला हव्यात. पॅराशूट उघडल्यावर दिशा देण्यासाठी हात डोक्यावर न्यावे लागतात. पंख तेवढी मोकळीक देणारे किंवा चटकन सोडता येणारे हवेत. लोंबणारी नाडी, फडफडणारी बाही अजिबात नको. सूट दिसायला कितीही भारी असला, तरी या कसोटीत नापास झाला तर तो बाद.

नऊवारीतली उडी

इथे मुलांना आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांच्याबद्दल जरूर सांगा. २००४ साली त्यांनी उत्तर ध्रुवावर पॅराशूटनं उडी मारली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमध्ये, सुमारे १३,००० फुटांवरून, चक्क नऊवारी नेसून उडी मारली!

मुलांना विचारा : नऊवारीत काय काय अडचणी येतील? सव्वाआठ मीटर कापड, त्यात पदर फडफडणार, निऱ्या सुटणार, मुठीवर कापड येणार. मग उपाय काय? मुली इथे मुलांपेक्षा भराभर उत्तरं देतात. काष्टा असल्यामुळे पाय मोकळे राहतात, साडी जागोजागी पक्की करायची, तिच्यावरून पॅराशूटचे पट्टे आवळायचे, हेल्मेट आणि गॉगल घालायचा. वर दिलेले पाचही मुद्दे मुलं स्वतःच्या तोंडून सांगतात. आणि शीतलताईंच्या गाठीशी तेव्हा शेकडो उड्यांचा अनुभव होता, हे सांगायला विसरू नका.

वर्गातला प्रयोग

साहित्य : बेकरीत मिळणारे कपकेकचे पातळ कागदी कप, दोरा, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, चिकटपट्टी.

दोन कप एकमेकांत बसवा. ही झाली टँडम जोडी : वजन दुप्पट, क्षेत्रफळ तेवढंच. एक सुटा कप म्हणजे कॅमेरावाला. पंखा बंद करा, खिडक्या लावून घ्या (आपल्याकडे समुद्राचा वारा प्रयोग करू देत नाही!) आणि दोन मीटर उंचीवरून दोन्ही एकदम सोडा. जोडी आधी पोचते.

आता गटांना आव्हान द्या : दोघांना एकाच वेळी जमिनीवर पोचवा. एखादा गट सुट्या कपाच्या कडा आत दुमडतो, तो झाला घट्ट सूट. एखादा गट जोडीला दोऱ्यानं पिशवीचा तुकडा बांधतो, तो झाला ड्रोग. प्रत्येक गटानं काय बदललं आणि का बदललं, हे एका वाक्यात लिहायला लावा. त्या एका वाक्यावरूनच मुलाला समजलं की नाही ते कळतं.

एक गैरसमज : पॅराशूट उघडलं की माणूस वर जातो?

व्हिडिओत तसंच दिसतं. पण माणूस वर जात नाही, त्याचा वेग अचानक कमी होतो. कॅमेरावाला मात्र आधीच्याच वेगानं खाली जात असतो, म्हणून त्याला समोरची जोडी वर उडाल्यासारखी दिसते. बागमांडल्याहून वेसवीला जाताना फेरीबोटीत उभ्या असलेल्या मुलाला शेजारची मोटारसायकल स्थिर वाटते आणि जेटी मागे सरकताना दिसते. हा अनुभव आपल्या मुलांकडे आहे, त्याचा उपयोग करा.

पालकांसाठी

व्हिडिओ बघून छत्री किंवा चादर धरून पडवीवरून उडी मारायची हुक्की मुलांना येते. "मारू नकोस" एवढं सांगून भागत नाही. आकडे सांगा.

तीन मीटरवरून नुसती उडी मारली, तर जमिनीवर आदळताना वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. एक मीटर रुंदीची छत्री धरली आणि ती उलटली नाही, तरी ३० किलोच्या मुलाचा वेग साधारण २७ असतो. फरक फक्त एकाचा! छत्रीचं क्षेत्रफळ एक चौरस मीटरपेक्षाही कमी भरतं. टँडमचं पॅराशूट तिच्या साधारण चाळीसपट मोठं असतं, आणि त्यालाही उघडायला शेकडो फूट उंची लागते.

मोठ्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगा. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेची शिफारस आहे, की किमान २०० उड्या झाल्याशिवाय कॅमेरा लावून उडी मारू नये. कारण चित्रणाकडे लक्ष गेलं की उंचीकडे दुर्लक्ष होतं. खडकाच्या टोकावर उभं राहून सेल्फी काढणाऱ्या पर्यटकांना हाच नियम लागू पडतो, हे आपल्या मुलांना वेगळं सांगायला नको.

घरचा अभ्यास

१. घट्ट बाह्यांचा आणि सैल बाह्यांचा शर्ट घालून किनाऱ्यावर वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. कोणत्या शर्टात वारा जास्त ढकलतो?
२. घार पाच मिनिटं बघा. ती पंख कधी पसरते, कधी मिटते? चित्र काढा.
३. तुम्ही ४५ किलोचे कॅमेरावाले आहात आणि जोडी वजनदार आहे. तुमचा जंपसूट कसा असेल? तीन कारणं लिहा.

तिसऱ्या प्रश्नाला एकच उत्तर बरोबर धरू नका. कापड, माप किंवा पंख, काहीही निवडलं तरी चालेल. कारण पटणारं असेल आणि मुठी मोकळ्या ठेवायचं मुलाच्या लक्षात असेल, तर पूर्ण गुण द्या.