मेलेली माणसे वाड्यात अडकून राहतात का?



‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत ती झी मराठीवर सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला वाडा, मालवणी बोली, सगळे आपल्या ओळखीचे. अण्णा नाईक वारतात, घरची माणसे जमतात आणि विचित्र गोष्टी घडू लागतात. हे भुताचे काम की घरातल्याच कोणाचे, हा वाद तेव्हा घरोघरी चालला. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात तर अण्णा आणि शेवंता मेल्यावरही वावरताना दिसले. मग तर्क बदलले. यांना मुक्ती का नाही? काय केले म्हणजे ते जातील?

करमणूक म्हणून हे ठीक. (कोकणाची बदनामी होते अशी तक्रारही झाली होती, तो विषय वेगळा.) पण या तर्कांमागची समजूत आपल्याही घरात शिरते : इच्छा अपुरी राहिलेला माणूस जागेला चिकटतो आणि त्याला घालवायला कोणी जाणकार लागतो. मग अकाली मृत्यू झालेल्या घरात रविवारी मिस्सा आणि मंगळवारी भगत, असे होते.

अमेरिकेतल्या ‘लॉस्ट’ (२००४ ते २०१०) या मालिकेतले प्रवासी विमान अपघातानंतर एका बेटावर येतात. हे सगळे मेलेलेच आहेत आणि बेट म्हणजे शुद्धीस्थान, असा अनेक प्रेक्षकांचा तर्क होता. निर्मात्यांनी तो नाकारला. शेवटी बेट खरेच निघाले. त्या पर्वात दाखवलेले दुसरे आयुष्य मात्र मृत्यूनंतरचे होते. तिथे ती माणसे एकमेकांना शोधतात आणि मिळून पुढे जातात. आपले शुद्धीस्थान ते नव्हे, तरी कोणी एकटा पुढे जात नाही हे आम्हांला जवळचे वाटले.

ख्रिस्तसभा शिकवते की, देवाच्या कृपेत मरण पावलेला पण पूर्ण शुद्ध न झालेला आत्मा स्वर्गात जाण्याआधी शुद्ध केला जातो. तो भटकत नाही. त्याचे तारण निश्चित आहे. विहिरीपाशी किंवा वडाखाली शुद्धीस्थान नसते. मृतांना बोलावणे ख्रिस्तसभा साफ नाकारते (कॅटेकिझम, परिच्छेद २११६).

मग आपण काय करायचे? मक्काबी २, अध्याय १२ वाचावा. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्यांखाली परक्या देवांचे ताईत सापडले. यहूदा मक्काबीने त्यांना टाकून दिले नाही. त्याने वर्गणी काढून चांदीची सुमारे २००० नाणी त्यांच्या पापांसाठी अर्पण करायला यरुशलेमला पाठवली. ज्यांच्यासाठी ही प्रार्थना झाली, ते ताईत बांधणारेच होते!

१ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केल्यास, नेहमीच्या अटी पाळून, पूर्ण दंडमाफी त्या आत्म्यासाठी अर्पण करता येते. पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ सोडणे, या त्या अटी. ज्याच्याविषयी घरात कुजबूज चालते, त्याचे नाव आधी घ्यावे.