वांग्याचें भरीत

तेरणेकांठच्या माकणीस भाकरीबरोबर भरीत करावयाचें असतां आम्ही मोठें, पण हातास हलकें लागणारें वांगें घेतों. जड वांग्यांत बिया फार. त्यास तेल चोळून दोन चिरा द्याव्या. आंत कीड असल्यास दिसते आणि वाफेस वाट मिळते. एकदां आम्ही घाईंत चीर दिली नाहीं. वांगें फुटून निखारा हातावर उडाला! तुराट्यांच्या निखाऱ्यावर तें देंठापर्यंत मऊ भाजावें. सोलतांना पाण्यांत बुडवूं नये; धुराचा स्वाद जातो. गर ठेंचून कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ घालावें व लसणाची फोडणी द्यावी. फिलिपीन्समधील इलोकानो लोकही वांगें असेंच भाजतात. मात्र ते पुढें त्यांत अंडीं घालून परततात.