*‘पीएम किसान’ नावाची फाईल आली? उघडू नका*



हप्त्याची वेळ आली की व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान एपीके’ अशी फाईल फिरते. ती बहुतेक वेळा ओळखीच्या नंबरवरून येते, म्हणून आपण उघडतो. पण त्या माणसानं ती पाठवलेलीच नसते. त्याचा मोबाईल चोराच्या ताब्यात गेलेला असतो आणि तिथून फाईल आपोआप सगळ्या ग्रुपवर जाते. बेण्यात एक सडका कंद गेला की पुढं हळदीचं काय होतं, ते आपल्याला माहीतच आहे.

एपीके म्हणजे ॲपची फाईल. इन्स्टॉल करून मेसेज वाचायची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी थेट चोराकडं जातो.

*काय करायचं?*

१) एपीके कुणाचीही असो, उघडू नका, पुढं पाठवू नका. पाठवणाऱ्याला फोन करून सावध करा.

२) हप्ता किंवा ई-केवायसी बघायची तर सरकारी वेबसाईटवर किंवा सीएससी केंद्रात बघा.

३) अनोळखी जाहिरात व्हॉट्सॲपवर आली तर ‘रिपोर्ट’ आणि ‘ब्लॉक’ करा. साध्या मेसेज-कॉलसाठी १९०९ वर फोन करून डीएनडी चालू करा.

४) चुकून इन्स्टॉल झालंच तर आधी नेट बंद करा. दुसऱ्या मोबाईलवरून *१९३०* वर तक्रार करा, बँकेला कळवा. लाजू नका. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात.

आपली कंपनी एपीके पाठवत नाही, ओटीपी मागत नाही. शंका आली तर उघडण्याआधी फोन करा.