पिवळा गूळ, काळा गूळ आणि 'सेंद्रिय' हा शब्द

साताऱ्याहून सांगलीला एस.टी.ने येताना खिडकीतून बाहेर बघा. नाक्यानाक्यावर 'सेंद्रिय गुळाचा चहा' अशी पाटी दिसते. किराणा दुकानातही 'नैसर्गिक', 'केमिकल फ्री', 'ऑरगॅनिक' असे शब्द छापलेली पाकिटं पुढच्या फळीवर असतात आणि साध्या मालापेक्षा बरीच महाग असतात. नैसर्गिक अन्न खावं, ते प्रकृतीला चांगलं, याबद्दल कोणी वाद घालत नाही. पण नैसर्गिक म्हणजे नक्की काय, हेही कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात मी सगळ्या सेंद्रिय पदार्थांबद्दल लिहिणार नाही. एकाच पदार्थाबद्दल लिहिणार आहे, तो म्हणजे गूळ.

गूळच का? एक तर कराड तालुक्यात माझ्या मामाचं गुऱ्हाळ आहे, त्यामुळे लहानपणापासून काकवी चाटत मोठी झाले. दुसरं कारण आमच्या लेडीज होस्टेलच्या मेसचं. गेल्या वर्षी कॅम्पस्‌मध्ये हिमोग्लोबिन तपासणीचा कॅम्प झाला आणि बऱ्याच मुलींचं हिमोग्लोबिन कमी निघालं. (यात नवल नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं होतं.) लगेच मेस कमिटीत सूचना आली, की साखर बंद करा आणि चहात सेंद्रिय गूळ घाला, त्यात लोह असतं. सूचना छानच होती. पण त्यासाठी मेसचं बिल वाढणार होतं, आणि आमच्यात अशाही मुली आहेत की ज्यांच्या घरी महिन्याचं मेस बिल ऊसबिल आल्यावरच भरलं जातं. तेव्हा पैसे कशासाठी द्यायचे हे आधी कळायला हवं, असं मी म्हटलं आणि दिवाळीच्या सुट्टीत वही-पेन घेऊन मामाकडे गेले.

काहिलीत काय घडतं?

उसाच्या रसात साधारण ८० टक्के पाणी असतं. गूळ करणं म्हणजे हे पाणी उडवणं. ऐकायला सोपं, पण आपल्या हीट ट्रान्सफरच्या भाषेत हिशेब करा. १००० किलो रसातून सुमारे ७८० किलो पाणी काढायचं, तर फक्त बाष्पीभवनासाठीच साडेसतरा लाख किलोज्यूल लागतात. ही सगळी उष्णता चुलवणात वाळलेली चिपाडं जाळून मिळते. एका आधणाला अडीच-तीन तास जातात.

रस ताजा असतो तेव्हा किंचित आम्ल असतो, त्याचा पी.एच. ५.२ ते ५.५ च्या आसपास. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. हे जास्त झालं की गूळ चिकट होतो, ढेप उभी राहत नाही. म्हणून गुळव्या चुन्याची निवळी घालून आम्लता कमी करतो. मग रस तापू लागला की रानभेंडीची ताटं ठेचून, पाण्यात चोळून काढलेला बुळबुळीत चीक घालतात. त्या चिकात रसातले कोलॉइडी कण अडकतात आणि मळी होऊन वर येतात. ही मळी जितकी नीट काढाल तितका गूळ स्वच्छ. पाक १०५ अंशांच्या आसपास असताना उतरवला तर काकवी, ११८ अंशांच्या आसपास उतरवला तर गूळ. गुळव्याकडे थर्मामीटर नसतो. तो थेंबभर पाक पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो आणि सांगतो, 'उतरवा'. मी एकदा डिजिटल थर्मामीटर लावून बघितलं. माणूस दोन अंशांच्या आत होता! आमच्या लॅबमधलं थर्मोकपल याहून जास्त चुकतं.

आता रंगाकडे येऊ. चांगला ऊस, तोडल्यावर लगेच गाळलेला, मळी नीट काढलेली आणि जाळ जोरदार, असं सगळं जमून आलं तर एकही पावडर न घालता सोनेरी गूळ होतो. मी तो खाल्लेला आहे. उलट रस मंद जाळावर रेंगाळला, चुना जास्त पडला, ऊस शिळा झाला किंवा पाक करपला, तर गूळ काळपट होतो. जमिनीचाही यात वाटा असतो. सांगली जिल्ह्यात वाळवा, मिरज, पलूस या कृष्णाकाठच्या तालुक्यांत पाटपाण्याच्या अतिवापराने बरीच जमीन क्षारपड झाली आहे. तिथल्या उसाचा गूळ खारट, मऊ आणि गडद येतो. शेवटी शेवटी युरिया जास्त दिला तरी गुळाची प्रत बिघडते. म्हणजे 'काळा गूळ तो सेंद्रिय' हे आज शहरातल्या दुकानात ऐकू येणारं वाक्य निम्मंच खरं आहे. सेंद्रिय गूळ बहुधा गडद असतो. पण गडद गूळ सेंद्रिय असेलच असं नाही, तो नुसताच बिघडलेला असू शकतो.

हायड्रॉसची गोष्ट

मग बाजारातला तो फिकट पिवळा, जवळजवळ लोण्याच्या रंगाचा गूळ येतो कुठून? बहुतेक वेळा हायड्रॉसमधून. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, कापड उद्योगात रंग उडवायला वापरतात तेच. केमिस्ट्रीत शिकलो तसं हे जोरदार क्षपणक आहे. रसातल्या रंगद्रव्यांचं क्षपण होतं आणि रंग उडतो. गंमत म्हणजे रंगद्रव्यं आतच राहतात. पावसाळ्यात हवा-ओलावा लागला की त्यांचं पुन्हा ऑक्सिडेशन होतं आणि पिवळा गूळ आपोआप काळवंडतो. आपण ज्या रंगासाठी पैसे मोजले तो सहा महिनेसुद्धा टिकत नाही.

मागे राहतो तो सल्फर डायऑक्साइड. गुळात त्याची कायदेशीर मर्यादा ७० पीपीएम आहे. सल्फाइटमुळे दम्याच्या काही रुग्णांना त्रास होतो आणि अन्नातलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, हे माहीत असलेलं आहे. मर्यादेत असेल तर निरोगी माणसाने घाबरून जायचं कारण नाही. अडचण अशी, की गुऱ्हाळावर हायड्रॉस वजन करून नाही, मुठीने घालतात. आणि ते मर्यादेत आहे का हे घरी जिभेला, नाकाला किंवा डोळ्याला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत नमुना उकळून सल्फर डायऑक्साइड वेगळा काढून मोजावा लागतो. चव घेऊन केमिकल ओळखणारे काका प्रत्येक कॉलनीत असतात. त्यांचं फार मनावर घेऊ नका.

मी मामाला विचारलं, "मग तू घालतोस कशाला?" तो हसला. "अगं, यार्डात गूळ डोळ्यानं इकत घेत्यात, जिभेनं न्हाय. त्येच्या शेजारी पिवळी ढेप असंल तर माझ्या तांबड्या ढेपेला कोण इचारतंय?" सौद्यात रंगावर भाव पडतो आणि तांबड्या गुळाला क्विंटलमागे जो फटका बसतो त्यात त्याची मजुरी जाते. गुऱ्हाळवाल्याला शिव्या देऊन प्रश्न सुटणार नाही. पिवळा रंग आपण मागितला, म्हणून तो पुरवला गेला.

हा पिवळ्याचा मोह फक्त गुळापुरता नाही. आपली सांगली हळदीची पेठ. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. (हरिपूरची हळद साठवायची पेवं तुम्ही पाहिली असतील. जमिनीखालच्या त्या कोठारांत कीडनाशकाशिवाय हळद वर्षानुवर्षं राहायची. २००५ च्या महापुराने त्यातली बहुतेक निकामी केली.) हळकुंडाच्या सालीचा पिवळेपणा आणि आतलं कुरकुमिन यांचा तसा संबंध नाही. तरी गिऱ्हाईक साल बघतं. याच मोहापायी बांगलादेशात हळकुंडांना लेड क्रोमेट चोळलं जात होतं आणि लोकांच्या रक्तात शिसं जात होतं. तिथे २०१९ मध्ये सरकारने आणि संशोधकांनी मिळून मोहीम हाती घेतली आणि २०२१ पर्यंत बाजारातल्या हळदीतून ते जवळजवळ हद्दपार झालं. बाजाराची सवय बदलता येते, हे त्यावरून दिसतं.

तीन शब्द, तीन अर्थ

मामाच्या गावात एकाच वेळी तीन प्रकारचा गूळ निघतो आणि तिन्हींना दुकानात 'नैसर्गिक' म्हणतात. पहिला, रासायनिक खतांवरचा ऊस, पण काहिलीत हायड्रॉस नाही. हा रसायनविरहित गूळ, सेंद्रिय नव्हे. दुसरा, शेणखतावरचा ऊस, पण काहिलीत हायड्रॉस. हा कशातच बसत नाही. तिसरा, ऊसही सेंद्रिय आणि काहिलीतही चुना-भेंडीच. हाच खरा सेंद्रिय. (चुना हे रसायन नाही का, असं आमचा एक वर्गमित्र विचारतो. आहेच. पाणीसुद्धा रसायनच आहे. प्रश्न कुठलं, किती आणि मागे काय राहतं एवढाच असतो.)

कायद्याने 'सेंद्रिय' हा शब्द हवा तसा छापता येत नाही. २००१ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे, त्यात बाहेरची संस्था येऊन तपासणी करते. दुसरी पी.जी.एस. पद्धत, तिच्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात. ती लहान शेतकऱ्याला परवडते. रासायनिक शेती सोडल्यावर दोन-तीन वर्षं रूपांतराचा काळ जातो, त्या काळातला माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. २०१७ च्या नियमांपासून पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह असतं. लहान शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला या प्रमाणपत्रातून सूट आहे. तिथे विश्वास आणि प्रश्न विचारणं एवढंच आपल्या हातात.

लोहाचं गणित

आता मेसच्या मूळ प्रश्नाकडे. १०० ग्रॅम गुळात लोह किती? वेगवेगळ्या तक्त्यांत ४-५ पासून ११ मिलिग्रॅमपर्यंत आकडे आहेत. काहिलीच्या लोखंडाचाही त्यात थोडा हात असतो. दिवसाला दोन कप चहात २० ग्रॅम गूळ धरला, तर मिळालं १ ते २ मिलिग्रॅम. आय.सी.एम.आर.च्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीची रोजची गरज आहे २९ मिलिग्रॅम. त्यात चहातले टॅनिन लोहाचं शोषण अडवतात. म्हणजे लोह मिळवण्यासाठी गूळ चहात घालणं, ही त्यातल्या त्यात सगळ्यात वाईट जागा झाली! गूळ सेंद्रिय असला तरी या गणितात बदल होत नाही.

उरली साखर. २० ग्रॅम साखरेतून ८० किलोकॅलरी मिळतात, तेवढ्याच गुळातून ७०-७५. मधुमेहाच्या दृष्टीने दोन्ही साखरच. माझ्या वडिलांना शुगर आहे, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा 'गुळाचा चहा चालतो की, नैसर्गिक आहे' म्हणून आग्रह करतो. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं. गूळही त्याच हिशेबात धरायचा. मला गूळ साखरेपेक्षा आवडतो तो चवीसाठी. सल्फाइट नसलेल्या तांबड्या गुळाला जी उसाची चव असते ती पिवळ्याला नसते. औषध म्हणून मात्र मी त्याच्याकडे बघत नाही.

मी कमिटीत हे आकडे फळ्यावर मांडले. बरीच चर्चा झाली, थोडी भांडणंही झाली. शेवटी चहात साखरच राहिली, पण प्रमाण कमी करून. चहा जेवणानंतर तासाभराने द्यायचं ठरलं. वाचलेल्या पैशांतून आठवड्यातून चार दिवस मटकी-हुलग्याची उसळ वाढली आणि ताटात रोज लिंबाची फोड आली, कारण क जीवनसत्त्वाबरोबर लोह चांगलं शोषलं जातं. हिमोग्लोबिन फारच कमी असलेल्या मुलींना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्याला पर्याय नव्हता.

जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर मी ते आधी सालीसकट खाल्ल्या जाणाऱ्या गोष्टींवर देईन. तासगावच्या द्राक्षांचं उदाहरण घ्या. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश जादा सापडले आणि युरोपात माल अडकला. तेव्हापासून निर्यातीच्या बागांवरची तपासणी आणखी कडक झाली. अशा प्रत्येक बागेची नोंद असते आणि माल जाण्याआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. आपल्या गल्लीत हातगाडीवर येणाऱ्या द्राक्षांना असली पायरी नसते. युरोपच्या पोटाची काळजी घेणारी व्यवस्था आपल्याच जिल्ह्यात उभी आहे आणि आपण तिच्या बाहेर आहोत, हे मला गुळाच्या रंगापेक्षा जास्त खटकतं.

राहिला मामा. या हंगामात त्याने तीन आधणं हायड्रॉसशिवाय काढली. मोठी ढेप न करता किलोच्या वड्या पाडल्या, म्हणजे यार्डात न नेता थेट विकता येतील. पाटीवर 'सेंद्रिय' लिहू नकोस, ऊस युरियावरचा आहे, असं मी सांगितलं. त्याने 'हायड्रॉस नाही' एवढंच लिहिलं. संक्रांतीच्या आधी होस्टेलच्या मुलींनी आणि दोन-तीन सरांनी मिळून बऱ्यापैकी गूळ उचलला. उरलेल्या वड्या त्याने यार्डात नेल्या. तिथे त्यांना नेहमीसारखा कमीच भाव मिळाला. पुढच्या दिवाळीत पाच आधणं काढीन म्हणतोय, पण गिऱ्हाईक आधी नावं लिहून देणार असेल तरच.