प्रशिक्षक म्हणजे नक्की कोण?



मागच्या महिन्यात काही गटांची दप्तरं तपासत होते. प्रशिक्षणाच्या नोंदीत 'प्रशिक्षकाचे नाव' असा रकाना असतो. बहुतेक वह्यांमध्ये तिथे एकच शब्द दिसला, 'मॅडम'. कोणत्या मॅडम, कुठल्या, त्यांनी काय शिकवलं, काहीच नाही. एका वहीत तर गटातल्याच एका ताईने सगळ्यांना पासबुक भरायला शिकवलं होतं, पण तिचं नाव न लिहिता रकाना रिकामा सोडलेला. विचारलं तर म्हणाल्या, "ती कुठली प्रशिक्षक? ती तर आपल्यातलीच."

म्हणून या वेळचा पाठ या एका शब्दावर.

शब्द कुठून आला?

'प्रशिक्षक' या शब्दाच्या पोटात 'शिक्ष्' हा संस्कृत धातू आहे. जाणकार सांगतात की तो 'शक्' या धातूपासून आला. शक् म्हणजे जमणं, शक्य होणं. 'शक्ती' हा शब्दही तिथलाच. म्हणजे शिकणं याचा मूळ अर्थ 'आपल्याला हे जमावं अशी इच्छा धरणं'. गंमत बघा, मराठीत 'शिक्षा' म्हटलं की आपल्याला छडी आठवते. आपल्यातल्या बऱ्याच जणींची शाळा चौथी-सातवीत सुटली ती याच भीतीने. ती भीती घेऊनच आपण प्रशिक्षणालाही बसतो. पण शब्दाच्या मुळात छडी नाही, जमणं आहे. ज्याच्यामुळे आपल्याला एखादं काम जमायला लागतं, तो प्रशिक्षक. बाई असेल तर प्रशिक्षिका म्हणा किंवा प्रशिक्षक म्हणा, दोन्ही चालतं.

इतर शब्द

*ट्रेनर*: हा इंग्रजी शब्द. ज्या जुन्या शब्दापासून तो आला त्याचा अर्थ ओढणं. आपली रेल्वेची ट्रेनही त्याच घरातली, कारण इंजिन डबे ओढतं.

*मास्टर ट्रेनर*: जी इतर प्रशिक्षकांना तयार करते ती. 'मास्तर'सारखं ऐकू येतं, पण घाबरू नका.

*साधन व्यक्ती, संसाधन व्यक्ती*: एका बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "साधन म्हणजे विळा-खुरपं ना? माणूस कसं साधन?" मावशींचं चुकलं नव्हतं. जिचं ज्ञान गरजेच्या वेळी हाताशी येतं ती साधन व्यक्ती. गावातल्याच महिलेने हे काम केलं तर 'समुदाय संसाधन व्यक्ती', म्हणजे आपण जिला सीआरपी म्हणतो ती.

*वर्धिनी*: वाढवणारी. उमेद अभियानात दुसऱ्या भागातून येऊन, गावात राहून गट बांधणाऱ्या अनुभवी महिलेला हा शब्द आहे. ती स्वतः आधी गटाची सभासदच असते.

*सखी*: मैत्रीण. कृषी सखी, पशु सखी, बँक सखी आपल्याला माहीत आहेत. त्या गावातल्याच असतात, थोडं आधी शिकलेल्या.

*मॅडम*: हा शब्द फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे आला. अर्थ 'माझ्या बाईसाहेब'. यात मान आहे, पण शिकवण्याशी संबंधित काहीच नाही.

'मॅडम'मुळे काय झालं

ही चूक माझीच आहे, म्हणून मोकळेपणाने सांगते. कामाला लागले तेव्हा मी एका गटात अंतर्गत कर्जाच्या व्याजाचं प्रशिक्षण घेतलं. 'घटत्या शिल्लकेवर व्याज' असं फळ्यावर लिहून भराभर सांगितलं. "समजलं का?" विचारलं. सगळ्या म्हणाल्या, "हो मॅडम." मी खूश होऊन परत आले.

सहा महिन्यांनी कर्ज खतावणी पाहिली. एका ताईने शेळ्यांसाठी 10,000 रुपये घेतले होते, शेकडा 2 रुपये महिना व्याजाने, महिन्याला मुद्दल 1,000. पहिल्या महिन्याचं व्याज 200, बरोबर. दुसऱ्या महिन्यात मुद्दल 9,000 राहिलं, म्हणजे व्याज 180 हवं. तिसऱ्याला 160. पण वहीत दर महिन्याला 200 च लिहिलं होतं. सहा महिन्यांत तिने 1,200 रुपये व्याज भरलं, व्हायला हवं होतं 900. गरीब बाईचे 300 रुपये जास्त गेले. दहाही महिने तसंच चाललं असतं तर 1,100 च्या जागी 2,000 गेले असते.

कोषाध्यक्षा हळूच म्हणाल्या, "तेव्हाच समजलं नव्हतं. पण मॅडमला कसं विचारायचं?"

मी पुन्हा समजावलं. तरी चेहरे तसेच. मग मागे बसलेल्या एक काकू बोलल्या, "अगं, कणगीतून दोन पायल्या भात काढलं, तर कणगी पहिल्यासारखी भरलेली धरायची का? राहिलं तेवढंच मोजायचं ना!" सगळ्या हसल्या, आणि सगळ्यांना समजलं. जास्तीचे 300 रुपये ठराव करून त्या ताईच्या मुद्दलात वळते केले.

त्या दिवशी प्रशिक्षकाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं नाही, काकूंचं लिहिलं. काकू म्हणत होत्या, "मी कसली प्रशिक्षक?" पण काम कोणामुळे जमलं? आता त्या शेजारच्या दोन गटांनाही हिशेब सांगायला जातात.

लोणावळ्याची गाडी

कर्जतहून लोणावळ्याकडे घाट चढताना गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात, आपल्या बँकेशी त्याचा संबंध नाही. चढ मोठा, 37 फुटांना 1 फूट, पुढचं इंजिन एकटं पुरत नाही. बँकर मागून रेटा देतात आणि घाट संपला की लोणावळ्याला सुटतात. पुढे गाडी आपल्या बळावर पुण्याला जाते. मला वाटतं प्रशिक्षकाने असंच असावं. चढ असेपर्यंत मागे राहावं, मग सुटावं. प्रशिक्षक गेल्यावर गटाचं काम थांबत असेल, तर प्रशिक्षण अपुरं झालं असं समजा.

आपण काय करायचं

1. बाहेरून आलेल्या व्यक्तीला मान द्या, पण 'ताई', 'दादा' म्हणा. ताईला प्रश्न विचारता येतो.
2. "समजलं का?" असं विचारलं की नुसतं "हो" म्हणू नका. एकीने उठून वहीत करून दाखवायचं.
3. रकान्यात प्रशिक्षकाचं पूर्ण नाव, गाव, विषय आणि तारीख लिहा. पद वेगळं लिहा: सीआरपी, सखी, सभासद, जे असेल ते.
4. गटातल्या ताईने शिकवलं तर तिचंही नाव लिहा. पुढे निवडीचा किंवा मानधनाचा विषय निघाला की नोंद नसेल तर दाखवायला काही नसतं.

पुढच्या बैठकीत यावर बोला

आपल्या गटात कोणाला काय चांगलं येतं? भाताची आवणी, शेळीचं बाळंतपण, मोबाइलवरून पैसे पाठवणं, चिक्कीचं पॅकिंग, काहीही. प्रत्येकीने एक काम सांगायचं आणि सचिवांनी ते नावासह वहीत लिहायचं. ती यादी म्हणजे तुमच्या गटाच्या प्रशिक्षकांची यादी.

आणि हो, मी आले की मला ताईच म्हणा. समजलं नाही तर तिथेच थांबवा.